हायड्रेटिंग आणि मॉइश्चरायझिंगमध्ये फरक काय? कोरड्या त्वचेला नेमके काय हवे?

छत्रपती संभाजीनगर : मेडिकलच्या काउंटरवर दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात. एकीवर ‘हायड्रेटिंग’ लिहिलेले, दुसरीवर ‘मॉइश्चरायझिंग’. दोन्हींचा अर्थ एकच समजून बरेच जण हाताला येईल ती घेतात. मग महिनाभर लावूनही त्वचा ओढल्यासारखी राहते, टाचांच्या भेगा तशाच असतात आणि पैसे मात्र गेलेले असतात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा फरक माहीत असलेला बरा.

टाकी भरणे आणि झाकण लावणे

शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणारे पाणी पाहिले आहे. टाकी भरायची आणि झाकून ठेवायची, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. त्वचेचेही तसेच आहे. हायड्रेशन म्हणजे त्वचेच्या वरच्या थरात पाणी भरणे. मॉइश्चरायझिंग म्हणजे ते उडून जाऊ नये म्हणून झाकण लावणे. उन्हाळ्यात पैठणच्या जायकवाडीतून पाण्याची वाफ होते, तसेच त्वचेतूनही पाणी सतत हवेत जात असते.

त्वचा कोरडी का पडते?

त्वचेचा सर्वात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड हे स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. कडक साबण आणि कढत पाण्याने हे सिमेंट निघून जाते. वाढत्या वयातही ते कमी होते. भिंतीत फटी पडल्या की पाणी निसटते.

कोणता घटक काय करतो?

• पाणी धरून ठेवणारे : ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड, युरिया. (युरिया औषधी क्रीममधलाच, खताच्या पोत्यातला त्वचेला लावू नये.)

• फटी बुजवणारे : सिरॅमाइड, शिया बटर.

• झाकण लावणारे : पेट्रोलियम जेली, खोबरेल तेल, तूप, कोकणात टाचांना लावतात ते भिरंडेल.

नुसते सीरम लावून सोडले तर टाकी उघडीच राहते. कोरड्याठाक त्वचेवर नुसते तेल लावले तर झाकण रिकाम्या टाकीवर बसते. तेलकट चेहऱ्यालाही पाणी कमी पडू शकते. अशांनी हलके जेल वापरावे.

जास्त पाणी प्यायल्याने त्वचा ओलसर होते का?

उन्हाळ्यात शरीरासाठी पुरेसे पाणी प्यायलाच हवे. पण पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी चार ग्लास प्यायले म्हणून कोरड्या त्वचेत फारसा फरक पडत नाही. वरच्या थरातील गळती बाहेरूनच थांबवावी लागते.

मग करायचे काय?

• अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात आटोपावी.

• अंग खसाखसा न पुसता टॉवेलने टिपावे आणि त्वचा ओलसर असतानाच, साधारण ३ मिनिटांत क्रीम किंवा तेल लावावे.

• दोन गोष्टी लावायच्या असतील तर पातळ आधी, घट्ट नंतर.

• टाचांसाठी रात्री पाय धुऊन, टिपून पेट्रोलियम जेली लावावी आणि सुती मोजे घालावेत.

• अभ्यंगस्नानात उटण्याने तेल बरेचसे निघते. म्हणून अंघोळीनंतर पुन्हा हलका हात फिरवावा.

दोन बाटल्या घ्याव्या लागतात का?

सहसा नाही. अनेक साध्या क्रीममध्ये पाणी धरणारा आणि झाकण लावणारा, असे दोन्ही घटक असतात. बाटलीच्या मागची यादी वाचा. जो घटक जास्त, तो सहसा आधी लिहिलेला असतो. ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली वरच्या ओळींत दिसली तर स्वस्त क्रीमही चांगले काम करते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

भेगांतून रक्त येत असेल, खाजेने झोपमोड होत असेल किंवा चट्टे पसरत असतील तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मधुमेह असलेल्यांनी तर टाचेची लहान भेगही दाखवून घ्यावी, कारण तीच पुढे मोठी जखम होऊ शकते. घाटी रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे.