दहा डॉलरमागे दोन सेंट

सकाळी पिवळी बस कोपऱ्यावर येते. दाराची लिफ्ट खाली येते, व्हीलचेअर वर चढते, पट्टे आवळले जातात. आई हात हलवते आणि कामावर पळते. अमेरिकेतल्या लाखो घरांत मूल तीन वर्षांचं झाल्यापासून हा क्रम चालू असतो. मग मूल एकवीस-बावीस वर्षांचं होतं, शाळेचं शेवटचं सत्र संपतं आणि पुढच्या सोमवारी बस येत नाही. मुलगा घरात, आई दारात, आणि आता आईने कामावर जायचं कसं, हा प्रश्न दोघांच्या मध्ये.

बस येत होती ती कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, कायद्याने. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली आणि अशा प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. पण हा हक्क शाळेपुरता. शाळा संपली की ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढ माणसाला दिवसभराचं केंद्र, अंघोळ-जेवणाला मदतनीस, नोकरीसाठी प्रशिक्षक, राहायला गटनिवास यातलं काही मिळेलच अशी हमी नाही. कार्यालयातलं उत्तर ठरलेलं असतं : तुमचा मुलगा पात्र आहे, नाव यादीत घातलं आहे. घरी आणि वस्तीत मिळणाऱ्या या सेवांच्या प्रतीक्षा याद्यांवर २०२४ मध्ये अमेरिकाभर सात लाखांहून अधिक नावं होती, आणि त्यात मोठा वाटा बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्यांचा होता.

यादी पुढे सरकावी म्हणून पालकांनी आमदारांचे उंबरे झिजवले, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. तिसरा रस्ता आपल्याकडच्या वाचकाला जरा चमत्कारिक वाटेल. मतदारांकडे जायचं आणि म्हणायचं, आमच्या मुलांसाठी तुमच्यावर कर बसवून घ्या.

विशिष्ट कामासाठीचा कर महाराष्ट्राला नवा नाही. पगाराच्या स्लिपवर दरमहा दिसणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी सुरू झाला. पण तो बसवावा का, हे विधिमंडळाने ठरवलं. नोकरदाराला कुणी विचारलं नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत विचारावं लागतं. निवडणुकीच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली प्रश्न छापलेले असतात : अमुक कामासाठी तमुक कर वाढवावा का? हो किंवा नाही.

ओहायो राज्यात हा प्रकार मुरलेला आहे. १९५०च्या दशकात तिथल्या पालकांनी, शाळांनी नाकारलेल्या मुलांसाठी, चर्चच्या तळघरांत वर्ग भरवायला सुरुवात केली. पाट्या, खुर्च्या, शिक्षिकेचा पगार, सगळं वर्गणीतून. १९६७ मध्ये राज्याने कायदा करून प्रत्येक काउंटीत, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्यात, या कामासाठी बोर्ड नेमलं. अशी ८८ बोर्डं आजही आहेत. आपल्याकडे ‘मतिमंद’ हा शब्द मागे पडत गेला, तसा तिथेही त्या अर्थाचा जुना शब्द २००९ मध्ये बोर्डांच्या नावातून काढला गेला. नाव बदललं, पैशांचा मार्ग मात्र तोच राहिला. बोर्डाचा मोठा आधार घरपट्टी, आणि घरपट्टीतली वाढ मतदारांच्या हाती.

ओहायोच्या राज्यघटनेने मतदारांना न विचारता लावायच्या मालमत्ता कराला एक टक्क्याची मर्यादा घातली आहे. त्यावरचा पैसा हवा तर लोकांसमोर जायचं. कराचं माप ‘मिल’ : करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर. घराच्या बाजारभावाच्या ३५ टक्केच करपात्र धरले जातात. त्यामुळे एक लाख डॉलरच्या घराला एक मिल म्हणजे वर्षाला ३५ डॉलर, महिन्याला तीनहून कमी. दारावर आलेल्या पालकाला हा हिशेब तोंडपाठ असावा लागतो, कारण समोरचा माणूस मुलाची चौकशी पोटतिडकीने करेलही, पण दार लावण्याआधी विचारणार एकच : मला किती पडेल?

त्यावर पालकांकडे आणखी एक आकडा असतो. घरी राहून मदत मिळवण्याचा खर्च बहुतांशी मेडिकेड या सरकारी योजनेतून होतो आणि त्यात केंद्र सरकार आपला वाटा तेव्हाच टाकतं जेव्हा स्थानिक वाटा आधी जमा होतो. ओहायोत या स्थानिक वाट्याचा बराच भार काउंटी बोर्डं उचलतात. काउंटीने एक डॉलर घातला की वॉशिंग्टनहून दीड डॉलरहून जास्त येतो. घरपट्टीला नाही म्हटलं तर तो दीड डॉलरही दुसरीकडे जातो.

मेडिकेड घरापर्यंत आलं, त्यामागेही एक आई आहे. आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सच्या केटी बेकेट या छोट्या मुलीला मेंदूच्या आजारानंतर श्वासासाठी यंत्र लागत होतं. ती हॉस्पिटलात राहिली तर सरकार खर्च द्यायचं. तीच मुलगी घरी, कितीतरी कमी खर्चात राहू म्हणाली तर नाही. तिची आई ज्यूली बेकेट यांनी हा उलटा न्याय वॉशिंग्टनपर्यंत पोहोचवला. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत केटीचं उदाहरण दिलं. संस्थेऐवजी घरी सेवा देण्याची सूट राज्यांना त्याच वर्षी मिळू लागली. सूट मिळाली, सक्ती नाही. किती जणांना घ्यायचं हा आकडा राज्याने ठरवायचा. प्रतीक्षा यादीचं मूळ इथे आहे.

ओहायोतल्या पालकांवर प्रचाराची जबाबदारी येण्याचं एक कारण कायद्यातच सापडतं. सार्वजनिक पैसा कराच्या बाजूने किंवा विरोधात खर्च करायला सरकारी संस्थांना मनाई आहे. ज्या बोर्डाचं पोट या करावर, त्याने माहिती द्यायची, मत मागायचं नाही. मत मागायला पालक, भावंडं आणि शेजारी वेगळी समिती काढतात, वर्गणी जमवतात, हिरवळीवर पाट्या रोवतात. चर्चमधल्या जेवणावळीपासून हायस्कूलच्या फुटबॉल सामन्यापर्यंत जिथे गर्दी तिथे पत्रकं घेऊन उभे राहतात. हा जोगवाच म्हणायचा, पण मागणाऱ्याच्या परडीत हिशेबाचा कागद असतो.

मिसुरीत पद्धत थोडी निराळी. तिथे १९५७ मध्येच सेंट लुइस काउंटीच्या पालकांनी मोहीम चालवून मतदारांकडून दिव्यांग मुलांसाठी स्वतंत्र शाळा-जिल्हा मंजूर करून घेतला होता. १९६९ च्या कायद्याने सगळ्याच काउंट्यांना प्रौढांसाठी कर मागायची मुभा दिली. दर शंभर डॉलर करपात्र मूल्यामागे जास्तीत जास्त ४० सेंट. पैसा कसा खर्चायचा ते नऊ जणांचं मंडळ ठरवतं, आणि नवांतले दोघे दिव्यांग व्यक्तीचे जवळचे नातलग असलेच पाहिजेत, असं कायदा सांगतो. कराच्या पेटीची एक किल्ली घरच्यांकडे राहील, अशी ही सोय.

एका काउंटीत जमतं ते अख्ख्या राज्यात जमेल का? कोलोराडोच्या पालकांनी २००८ मध्ये हे करून पाहिलं.

कोलोराडोत १९९२ पासून राज्यघटनेतच तरतूद आहे की मतदारांच्या संमतीशिवाय कुठलाही कर वाढवता येणार नाही. काउंटीच्या पातळीवर पालकांचा अनुभव चांगला होता. २००३ मध्ये डेन्व्हरच्या मतदारांनी बौद्धिक दिव्यांगांच्या सेवांसाठी घरपट्टी वाढवायला होकार दिला होता, आणि त्याच्या आगेमागे अरापाहो, बोल्डर अशा आसपासच्या काउंट्यांनीही. तरी राज्याची यादी हजारोंत होती आणि ती वर्षानुवर्षं तुंबलेली. पालकांच्या संघटनांनी ठरवलं, विक्रीकर मागायचा. २.९ टक्के आहे तो जुलै २००९ पासून ३ आणि पुढच्या जुलैपासून ३.१ करायचा. दहा डॉलरच्या खरेदीवर पहिल्या वर्षी एक सेंट, मग दोन. किराणा आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधं तशीही करमुक्त.

प्रश्न मतपत्रिकेवर आणण्यासाठी त्या वर्षी ७६,०४७ वैध सह्या लागत होत्या. सही म्हणजे नुसतं नाव नव्हे. नोंदणीकृत मतदार हवा, पत्ता जुळायला हवा, आणि सह्या गोळा करणाऱ्याने प्रत्येक चोपडीवर नोटरीसमोर शपथपत्र करायला हवं. सह्या पुरेशा ठरल्या आणि प्रश्नाला क्रमांक मिळाला : ५१.

खरी पंचाईत प्रश्नाच्या वाक्यात होती. करवाढीचा प्रश्न कोणत्या शब्दांनी सुरू व्हायला हवा, हे कोलोराडोची राज्यघटनाच सांगते. आधी ‘राज्याचे कर वाढवावेत का’, मग लगेच पूर्ण वर्षाची रक्कम, आणि त्यानंतर कारण. मतदाराने कागद उघडला की त्याला आधी दिसले सुमारे १८ कोटी ६० लाख डॉलर. दहा डॉलरमागचे दोन सेंट त्या आकड्याच्या पाठीमागे लपले, आणि ज्यांच्यासाठी ते मागितले ती माणसं त्याच्याही पाठीमागे.

मतदान होतं ४ नोव्हेंबर २००८ ला. १५ सप्टेंबरला लीमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाली होती. शेअर बाजार कोसळत होता, लोक घरांचे हप्ते आणि नोकऱ्या मोजत होते. त्यात मतपत्रिका लांबलचक, राज्यपातळीवरचेच डझनाहून जास्त प्रश्न. मतदारांना घरपोच मिळणाऱ्या निळ्या पुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू छापलेल्या असतात. विरोधाचे मुद्दे पोकळ नव्हते. विक्रीकर गरिबाच्या खिशाला श्रीमंतापेक्षा जास्त चाट लावतो, आणि राज्याच्या तिजोरीतून कुणाला आधी द्यायचं हे ठरवायला आमदार निवडून दिले आहेत, मग एकेका गटाने आपापला कर बांधून का घ्यावा?

सुमारे ६२ टक्के मतदारांनी ‘नाही’वर खूण केली. तेल आणि नैसर्गिक वायूवरच्या कराचा प्रश्नही त्याच दिवशी पडला. मात्र कसिनोत लावायच्या पैशांची मर्यादा वाढवून त्यातून कम्युनिटी कॉलेजांना पैसा देण्याचा प्रस्ताव पास झाला. तो पैसा स्वतःच्या खिशातून जाणार नव्हता.

पराभव झाला, पण यादी लोकांच्या नजरेत आली. २०१४ मध्ये कोलोराडोच्या विधिमंडळाने प्रतीक्षा संपवण्याचा आराखडा करायला लावणारा कायदा केला. पालकांनी मतदारांकडे मागितलेलं काम थोडं थोडं करून अर्थसंकल्पातून होऊ लागलं.

जिंकलेल्या ठिकाणीही सगळं आलबेल नव्हतं. डेन्व्हरमध्ये या कराचा पैसा ज्या संस्थेमार्फत खर्च होत होता, तिच्या कारभारावर शहराच्याच लेखापरीक्षकांनी कडक ताशेरे ओढले आणि शहराला नियम बदलावे लागले. दारोदार फिरून मतं मिळवणाऱ्या पालकांना हे झोंबणारं होतं. शब्द त्यांनी दिला होता.

या सगळ्या प्रकाराला मुळातूनच एक आक्षेप आहे, आणि तो खुद्द दिव्यांग चळवळीतूनही येतो. माणसाला अंघोळ घालायला कुणी यावं की नाही, यावर मतदान कसलं? अमुक काउंटीत जन्मलं तर केंद्र मिळतं, रस्त्यापलीकडच्या काउंटीत जन्मलं तर यादी मिळते, याला हक्क म्हणत नाहीत. पालक हे नाकारत नाहीत. हक्काचा निकाल लागेपर्यंत मंगळवारची अंघोळ कुणी घालायची, इतकंच ते विचारतात.

आणि गरज आक्रसत नाही, वाढते. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान १९८३ मध्ये अमेरिकेत जेमतेम २५ वर्षं होतं. आज ते साठच्या घरात आहे. पूर्वी मूल आईवडिलांच्या आधी जायचं. आता ते मागे राहतं. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने मेडिकेडच्या येत्या दहा वर्षांच्या खर्चाला नऊशे अब्ज डॉलरहून मोठी कात्री लावली. मेडिकेडच्या नियमांत घरी मिळणाऱ्या यातल्या बहुतेक सेवा राज्यांसाठी ऐच्छिक आहेत. हात आखडायची वेळ आली की राज्यं आधी ऐच्छिक बाबींकडे पाहतील, ही धास्ती पालकांना आहे, आणि मग पुन्हा काउंटीच्या मतपत्रिकेकडेच वळावं लागेल.

ओहायोत तसं पुन्हा-पुन्हा वळावं लागतंच. १९७६ च्या एका कायद्याने तिथे अशी व्यवस्था केली की घरांच्या किमती वाढल्या तरी मतदारांनी मंजूर केलेला कर जवळपास तेवढ्याच रकमेवर थांबतो. किंमत चढली की दर उतरतो. घरमालकाला दिलासा, पण मदतनिसाचा पगार, गाडीचं इंधन, केंद्राचं भाडं कुठलंच थांबत नाही. शिवाय बरेच कर ठरावीक वर्षांपुरतेच मंजूर होतात, मग नूतनीकरणाचं मतदान.

पाच वर्षांची मुदत धरली तर बाविसाव्या वर्षी केंद्रात जाऊ लागलेला मुलगा बासष्टचा होईपर्यंत मतदार त्याच्याबद्दल आठ वेळा हो किंवा नाही म्हणतील. पहिल्या मोहिमेत त्याची आई पन्नाशीची असेल. आठव्या वेळी दारात पत्रक घेऊन उभं राहायचं ते बहुधा त्याच्या धाकट्या बहिणीला, आणि कदाचित तिच्या मुलांना.