राजकारणी माणूस न्यायासनावर : अमेरिकेचा अनुभव आणि आपण

न्यायमूर्ती राजकारणापासून अलिप्त असला पाहिजे, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. निवडणुका लढवलेला, पक्षाचा झेंडा खांद्यावर वाहिलेला, आज सत्तेच्या खुर्चीवर असलेला माणूस उद्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बसणार असे कळले, तर सुशिक्षित माणूस दचकतो. त्याचे दचकणे अगदीच अनाठायी नाही. परंतु ज्यांची शिष्यवृत्ती, नोकरी, बढती, गायरानाचा तुकडा आणि अत्याचाराच्या खटल्यातला न्याय एकेका निकालावर लोंबकळत असतो, त्या समाजाने तरी हा प्रश्न उसन्या दचक्यावर सोडून देऊ नये. त्याने तो इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावा.

त्यासाठी अमेरिकेकडे पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तिकडच्या लढ्याचे साहित्य आपण वाचले, कविता वाचल्या, भाषणे वाचली. मात्र १७ मे १९५४ रोजी ज्या निकालाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, तो निकाल देणारे नऊजण कोण होते, इकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. त्या नऊजणांत एक जण गव्हर्नरच्या खुर्चीवरून थेट सरन्यायाधीश झालेला होता, आणि तिघे सिनेटमध्ये बसून आलेले होते. वंशभेदावर सर्वांत मोठा घाव घालणाऱ्या पीठात चौघे असे मुरलेले राजकारणी होते.

हे कसे घडू शकते ते आधी समजून घेऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतो आणि सिनेट त्याला संमती देते किंवा नाकारते. न्यायमूर्तीला वयाची अट नाही, वकिलीच्या वर्षांची अट नाही. किंबहुना कायद्याची पदवी हवी असेही घटनेत कुठे लिहिलेले नाही. सिनेटर किंवा प्रतिनिधी असलेल्या माणसाला नेमणूक स्वीकारताना ती जागा सोडावी लागते, एवढेच. एकदा नेमणूक झाली की ती तहहयात. महाभियोगाने काढले तरच माणूस जातो, नाही तर स्वतःच्या इच्छेने किंवा मरणाने.

या वाटेने १९३७ मध्ये ह्यूगो ब्लॅक आले. ते दक्षिणेकडील अलाबामा राज्याचे, दहा वर्षे सिनेटर, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धोरणांचे कडवे पाठीराखे. १२ ऑगस्टला त्यांचे नाव जाहीर झाले आणि १७ ऑगस्टला सिनेटने ६३ विरुद्ध १६ मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. पाच दिवसांत सारे उरकले. आपल्याच सभागृहातला सहकारी, त्याची कसली चौकशी करायची, असा तो मामला होता. महिन्याभराने एका वृत्तपत्राने पुराव्यानिशी प्रसिद्ध केले की हे गृहस्थ १९२३ मध्ये कू क्लक्स क्लॅनचे सभासद झाले होते. काळ्या माणसांना झाडाला टांगणाऱ्या, त्यांची घरे जाळणाऱ्या परंपरेची ही संघटना. १ ऑक्टोबरला ब्लॅक यांनी रेडिओवरून सभासदत्वाची कबुली दिली, आपण ते पूर्वीच सोडल्याचे सांगितले आणि ते न्यायासनावर जाऊन बसले.

आता पुढचे पाहा. फ्लोरिडा राज्यात एका वृद्ध गोऱ्या माणसाच्या खुनावरून पोलिसांनी काळ्या वस्तीतली माणसे वॉरंटशिवाय उचलली होती. दिवसामागून दिवस आणि शेवटी रात्रभर चौकशी करून चार तरुणांकडून कबुलीजबाब काढले, आणि त्यांच्या जोरावर चौघांना फाशी सुनावली. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. तो निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. धाकाने काढलेला कबुलीजबाब हा न्याय नव्हे, आणि न्यायालये ही दुबळ्यांच्या, एकाकींच्या, पूर्वग्रहांना बळी पडणाऱ्यांच्या आश्रयासाठी आहेत, असा त्याचा आशय आहे. ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याला सरकारने वकील दिलाच पाहिजे, हा १९६३ चा निकालही त्यांचाच. आपल्याकडे पोलीसचौकीत काय होते हे ज्यांनी वस्तीत राहून पाहिले आहे, त्यांना या दोन निकालांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा माणूस अर्ल वॉरेन. रेल्वेत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. सरकारी वकील, मग कॅलिफोर्नियाचा ॲटर्नी जनरल, मग १९४३ पासून त्याच राज्याचा गव्हर्नर, १९४८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाचा पराभूत उमेदवार. न्यायाधीश म्हणून एक दिवसही काम केलेले नाही. १९५२ च्या निवडणुकीत आयसेनहॉवर यांना त्यांची मदत झाली होती. म्हणून १९५३ मध्ये सरन्यायाधीश व्हिन्सन वारले आणि ती जागा वॉरेन यांना मिळाली, तेव्हा ही मदतीची परतफेड आहे असे बोलले गेले.

वंशविभक्त शाळांचा खटला त्या वेळी न्यायालयापुढे उभाच होता. १९५२ मध्ये एकदा युक्तिवाद होऊनही न्यायमूर्तींचे एकमत होत नव्हते, म्हणून तो पुन्हा ऐकायचे ठरले होते. कृष्णवर्णीयांच्या बाजूने थरगुड मार्शल उभे होते. वॉरेन यांनी येथे जे केले ते कायद्याच्या पुस्तकात शिकवले जात नाही. त्यांनी घाईने मतदान घेतले नाही. एकेका सहकाऱ्याशी ते स्वतंत्र बोलले, त्यांच्याबरोबर जेवले, ज्यांचा पाय अडखळत होता त्यांना वेळ दिला. निकाल पाच विरुद्ध चार असा फुटला तर दक्षिणेतील गोरे राज्यकर्ते त्या चौघांची नावे घेऊन निकाल धाब्यावर बसवतील, हे निवडणुका लढवलेल्या माणसाला नेमके कळत होते. शेवटी शून्य विरुद्ध नऊ असे एकमत झाले. निकाल त्यांनी मुद्दाम लहान आणि सोप्या भाषेत लिहिला, वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसालाही तो समजावा म्हणून. मतांची जुळवणी करण्याचे राजकारणी कसब येथे काळ्या मुलांच्या कामी आले.

येथेच थांबलो तर लेख गोड होईल, पण खोटा होईल. त्याच राजकारणी कसबाने १९५५ मध्ये दुसरा निकाल दिला. शाळा एकत्र करण्याला मुदतच न ठेवता, योग्य त्या गतीने करा, असे मोघम सांगितले. त्या मोघमपणाचा फायदा घेत दक्षिणेने वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या विद्यार्थ्यांना पोचवण्यासाठी सैन्य आणावे लागले.

याहून काळा डाग दुसरा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरादारांतून उठवून छावण्यांत डांबले गेले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. १९४२ मध्ये ही माणसे हलवा असा आग्रह धरणाऱ्यांत ॲटर्नी जनरल अर्ल वॉरेन होते. १९४४ मध्ये कोरेमात्सू खटल्यात जपान्यांना हटवण्याचा हुकूम वैध ठरवणारा निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. वॉरेन यांच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये निघालेल्या आत्मवृत्तात त्यांचा पश्चात्ताप नोंदलेला आहे. परंतु छावणीत गेलेली वर्षे पश्चात्तापाने परत मिळत नाहीत. लोकांतून आलेला माणूस लोकांचे दुःख जसे घेऊन येतो, तसा लोकांचा द्वेषही घेऊन येऊ शकतो. बहुसंख्याकांची लाट हेच ज्याचे शिक्षण, त्याला लाटेविरुद्ध उभे राहणे जड जाते.

मात्र त्याच कोरेमात्सू खटल्यात विरोधी मत देणाऱ्या तिघांत एक होते फ्रँक मर्फी. हा सरकारी निर्णय उघड वंशवाद आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. हे मर्फी कोण? डेट्रॉईटचे महापौर, नंतर मिशिगनचे गव्हर्नर. म्हणजे तेही राजकारणीच. एकाच खटल्यात एका राजकारण्याने छावणीच्या वाटेवर शिक्का मारला आणि दुसऱ्याने तो शिक्का पुसू पाहिला. तेव्हा राजकारणातून आला म्हणून माणूस वाईट किंवा चांगला, या दोन्ही म्हणण्यांत दम नाही.

अमेरिकेत पुढे ही वाट जवळजवळ बुजली. ॲरिझोना राज्याच्या सिनेटमध्ये काम केलेल्या सॅन्ड्रा डे ओकॉनर १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आल्या आणि २००६ मध्ये निवृत्त झाल्या. २०१६ मध्ये नेवाडाचे त्या वेळचे गव्हर्नर ब्रायन सँडोव्हाल यांच्या नावाचा विचार झाला, पण त्यांनी स्वतःच माघार घेतली. २०२२ मध्ये केतांजी ब्राऊन जॅक्सन आल्या तेव्हा नऊजणांपैकी एकानेही कधी लोकांपुढे जाऊन मत मागितलेले नव्हते. आठजण हार्वर्ड किंवा येल या दोन विद्यालयांतून कायदा शिकलेले होते. यामुळे न्यायालय राजकारणमुक्त झाले असे तिथले कोणीही म्हणणार नाही. राजकारण तेवढेच राहिले. फक्त माणसे एका साच्यातली झाली.

आता आपल्याकडे वळू. आपल्या घटनेच्या १२४ व्या कलमाप्रमाणे पाच वर्षे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, दहा वर्षे उच्च न्यायालयातला वकील किंवा राष्ट्रपतींच्या मते नामांकित कायदेपंडित असलेला नागरिक सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. तेव्हा खुर्चीवरून थेट उडी मारणे येथे अवघड आहे. तरी उदाहरणे आहेत. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ मध्ये केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते. १९६८ मध्ये उच्च न्यायालयात आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले. केरळातील अनुसूचित जाती-जमातींच्या कारकुनांना खात्याच्या परीक्षेसाठी दिलेली जादा मुदत १९७५ मध्ये टिकली, त्या बहुमतात ते होते. सवलतींचा लाभ वरच्या थरानेच ओरपू नये, असा इशाराही त्यांनी त्याच निकालात दिला. रेल्वेतील बढतीमधील राखीव जागा १९८० मध्ये टिकल्या, त्या निकालातही त्यांचे मत मोलाचे ठरले.

याच्या उलट बाजूला बहारूल इस्लाम. राज्यसभेचे काँग्रेस सदस्य, १९७२ मध्ये राजीनामा देऊन उच्च न्यायालयात, तिथून निवृत्त झाल्यावर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात. डिसेंबर १९८२ मध्ये बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरील खटला मागे घेण्यास मान्यता देणाऱ्या बहुमतात ते होते. जानेवारी १९८३ मध्ये, निवृत्तीला काही आठवडे उरले असताना, त्यांनी राजीनामा दिला. पुढे काँग्रेसतर्फे ते पुन्हा राज्यसभेत गेले.

ही दोन माणसे शेजारी ठेवली की मुद्दा उघड होतो. दोघेही राजकारणातून आले. एकाने मागचा दरवाजा बंद केला होता, दुसऱ्याचा उघडा होता. ब्लॅक न्यायासनावर ३४ वर्षे बसले. त्यांना कोणाकडून पुढे काही मिळवायचे नव्हते. आपला न्यायमूर्ती ६५ व्या वर्षी निवृत्त होतो आणि त्यानंतर काय, हा प्रश्न त्याच्यापुढे असतो. २०१४ मध्ये माजी सरन्यायाधीश सदाशिवम केरळचे राज्यपाल झाले. २०२० मध्ये माजी सरन्यायाधीश गोगोई राज्यसभेवर नियुक्त झाले. हे दोघे कधी निवडणूक लढवून आलेले नव्हते. आपण पुढच्या दारावर पहारा ठेवतो आणि राजकारण मागच्या दाराने ये-जा करते.

बाबासाहेबांनी १९४९ मध्ये घटना समितीत या साऱ्याचा विचार केला होता. नेमणुका केवळ सरकारच्या हाती देणे त्यांना धोक्याचे वाटले. विधिमंडळाच्या संमतीने राजकीय दडपण येईल असे त्यांचे मत होते. आणि सरन्यायाधीशालाच नकाराधिकार देण्याविरुद्धही त्यांनी बजावले, कारण तोही शेवटी तुमच्याआमच्यासारखा भावना आणि पूर्वग्रह असलेला माणूस. निवृत्त न्यायमूर्तींनी सरकारी पद घेऊ नये ही सूचना मात्र त्यांनी अनावश्यक मानली; न्यायालयापुढचे तंटे मुख्यतः नागरिकांमधले असतात, सरकारचा त्यांत क्वचितच संबंध येतो, असे त्यांचे म्हणणे होते. आज सरकार हाच सर्वांत मोठा पक्षकार झाला आहे. परिस्थिती बदलली की निष्कर्षही तपासावा, ही शिकवण बाबासाहेबांचीच.

मग कसोटी कोणती? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. हा माणूस कोणाच्या दुःखाला उत्तरदायी राहिला आहे? त्याचा पूर्वेतिहास नेमणुकीआधी लोकांपुढे उघडपणे तपासला गेला आहे काय? आणि खुर्चीवर बसल्यावर त्याचा परतीचा रस्ता बंद आहे काय? ब्लॅक यांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी होते. पुढे ते चांगले निघाले हा काळ्यांच्या नशिबाचा भाग. कोणताही समाज आपले हक्क नशिबावर सोडू शकत नाही.

पहिला प्रश्न आपल्याला सर्वांत जवळचा आहे. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालय सुरू झाले. अनुसूचित जातीतील पहिले न्यायमूर्ती ए. वरदराजन तिथे पोचायला १९८० उजाडले. त्या तीस वर्षांत आमच्या राखीव जागांचे, आमच्या समतेचे निकाल लागतच होते. ते देणाऱ्यांना राजकारणी कोणी म्हटले नाही. त्यांची जात, त्यांचे घर, त्यांची वस्ती हेही एक राजकारण होते; त्याला फक्त झेंडा नव्हता. पहिल्या पिढीत शिकलेल्या आमच्यासारख्यांनी विद्यार्थ्यांना निकाल शिकवताना म्हणून एवढे तरी करावे : निकालाखाली ज्यांच्या सह्या आहेत ती माणसे कुठून आली आणि सही केल्यानंतर कुठे गेली, हेही शिकवावे.