आधी कोणाला वाचवायचं? : खेळातल्या सोबत्यांची नियमवही

विन ही म्हातारी जादूगारीण माझ्या चौघांच्या टोळीत वैद्यकी करायची, आणि दर मोठ्या लढाईत ऐन वेळी तिचे हात रिकामे असायचे. चूक तिची नव्हती. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ या २००९ सालच्या व्हिडिओ गेममध्ये सोबत्यांनी लढाईत कसं वागायचं, हे खेळणाऱ्यानं आधी लिहून ठेवता येतं. विनची वही मीच लिहिली होती.

हे खेळ ज्यांच्या वाट्याला गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. यात नायक एकटा नसतो. ढाल घेऊन पुढे उभा राहणारा, धनुर्धारी, जादूगार, जखमा भरणारा अशी टोळी असते. लढाई चालू असताना एका माणसानं या सगळ्यांना हुकूम द्यायचे कसे? १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये सहा जणांची टोळी होती. तिथे स्पेसबार दाबला की लढाई गोठायची, सावकाश हुकूम द्यायचे आणि पुन्हा सोडायची. शिवाय प्रत्येकाला एक तयार स्क्रिप्ट नेमून देता यायची, पण ती खेळाच्या आत उघडून बदलता येत नसे.

ती वही खेळणाऱ्याच्या हातात दिली २००६ च्या ‘फायनल फँटसी १२’नं. तिथे तिला गॅम्बिट म्हणतात. एका बाजूला ‘कोणाच्या बाबतीत, केव्हा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘काय करायचं’. गंमत म्हणजे यातल्या अटी दुकानात विकत घ्याव्या लागतात! जखम भरणारा मंत्र मढ्यातून उठलेल्या शत्रूवर टाकला तर त्याला इजा होते, हे कळल्यावर वैद्यालाच हल्लेखोर करणारी ओळ लिहिता येते.

‘ड्रॅगन एज’मधली वहीही याच घराण्यातली. यादी वरून खाली वाचली जाते, जी अट आधी खरी ठरेल आणि जे करणं त्या क्षणी शक्य असेल ते घडतं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. ओळी मोजक्याच मिळतात, अनुभव वाढेल तशा वाढतात. म्हणून खरा प्रश्न काय लिहायचं यापेक्षा कशाच्या वर काय लिहायचं, हा असतो.

सुट्टीत आलेल्या, इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं विनची वही वाचली आणि तो हसायला लागला. “मामा, ही आजी ओरखड्यालाही बँडेज बांधतेय!” माझी पहिली ओळ होती : सोबत्याची प्रकृती ७५ टक्क्यांखाली गेली की उपचार. मला ती मायेची वाटली होती. पण लढाईत कोणी ना कोणी ७५ च्या खाली असतोच. त्यामुळे विनची मंत्रशक्ती किरकोळ जखमांवर संपायची, आणि ढालवाला ॲलिस्टर खरोखर कोसळायला लागला की मंत्र पुन्हा तयार होण्याची वाट बघत ती नुसती उभी. भाच्यानं सर्वांत वर २५ टक्क्यांची ओळ घातली, त्याखाली विनच्या स्वतःच्या प्रकृतीची. माझी ओळ त्यानं पुसली नाही, ५० वर आणून तळाला ढकलली. त्या रात्रीही ड्रॅगन जिंकला, पण विन शेवटपर्यंत कामात होती.

मला मात्र दुसरंच काही खटकत राहिलं. हीच विन गोष्टीच्या भागात स्वतंत्र बाई आहे. तिच्यासमोर पवित्र रक्षेचा कलश विटाळला तर ती आपल्याच टोळीवर उलटते. लोगेनला जीवदान देऊन आपल्या पंथात घेतलं तर ॲलिस्टर टोळी सोडून निघून जातो. पण वहीत लिहिलेला हुकूम मात्र दोघंही मुकाट पाळतात. संवादात माणूस आणि लढाईत यंत्र, ही फट या प्रकारच्या लेखनातली मोठी उणीव आहे, असं माझं मत आहे. जुना ‘बाल्डर्स गेट’ इथे जास्त प्रामाणिक होता. तिथे प्रत्येकाचा धीर मोजला जायचा. तो सुटला की पायाखालचं वर्तुळ पिवळं व्हायचं आणि तो गडी वाट फुटेल तिकडे पळत सुटायचा. आपण कितीही क्लिक करा, ऐकायचा नाही. चिडचिड व्हायची, पण तो भ्यालाय हे पटायचं.

पुढे ही वही आक्रसली. २०१४ च्या ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मध्ये सोबत्यानं कोणती विद्या आवर्जून वापरावी, कोणती टाळावी आणि औषधं किती राखावीत, अशा मोजक्याच गोष्टी सांगता येतात. क्रम गेला, अटी गेल्या. २०१८ च्या ‘पिलर्स ऑफ इटर्निटी २’नं ती पुन्हा तपशिलात दिली. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये लढाई पाळीपाळीनं चालते आणि प्रत्येकाची चाल आपणच खेळतो, त्यामुळे वहीची गरजच उरलेली नाही. तो खेळ मला आवडला. पण त्यात आपली चूक अशी लेखी सापडत नाही, की दुसऱ्या कोणी ती वाचावी आणि हसावं.

विनची वही अजून आहे तशीच आहे. तळाच्या ओळीपर्यंत पाळी क्वचितच येते, आणि ती जागा विषावरच्या उताऱ्याला द्यावी, असं भाचा म्हणतो. मी अजून दिलेली नाही.