रानपिंगळा

रानपिंगळा : पक्षिवर्गातील स्ट्रिजिडी या घुबडांच्या कुलातील एक दुर्मिळ व संकटग्रस्त पक्षी. याचे शास्त्रीय नाव अथेने ब्लेविटाय असे असून याला वनपिंगळा असेही म्हणतात. मध्य व पश्चिम भारतातील काही वनांखेरीज तो जगात इतरत्र कोठेही आढळत नाही. १८८४ नंतर ११३ वर्षे त्याची एकही विश्वसनीय नोंद झाली नव्हती. त्यामुळे ही जाती नष्ट झाली असावी, असा समज होता. १९९७ मध्ये खानदेशातील शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा आढळला. क्षेत्रीय नोंदीची सत्यता व जातीचे संरक्षण यांचा संबंध किती निकटचा असतो, हे या पक्ष्याच्या इतिहासावरून दिसून येते.

वर्णन : हा लहान चणीचा, सु. २३ सेंमी. लांबीचा पक्षी आहे. गावाशेजारच्या झाडांवर व पडक्या वास्तूंत नेहमी दिसणारा पिंगळा (अथेने ब्रामा) व रानपिंगळा यांत प्रथमदर्शनी बरेच साम्य दिसते. तथापि बारकाईने पाहिल्यास पुढील फरक ध्यानात येतात. पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात; रानपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ एकसारख्या करड्या-तपकिरी रंगाची असून त्यांवर ठिपके अगदी अस्पष्ट असतात. याचे डोके व चोच शरीराच्या मानाने मोठी असते. छातीवर गडद तपकिरी रंगाचा पट्टा असतो. पोटाचा मधला भाग पांढरा असून आडव्या रेषा फक्त कुशीवर असतात. पंख व शेपटी यांवर रुंद पांढरे पट्टे असतात. पाय आखूड व मजबूत असून ते दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. या फरकांची पुरेशी माहिती नसल्यामुळे साध्या पिंगळ्यालाच रानपिंगळा समजण्याची चूक पूर्वी होत असे.

शोधाचा इतिहास : एफ्. आर्. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये सध्याच्या छत्तीसगढमधील फुलझर भागात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळविला. त्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले व ब्लेविट यांचे नाव तिला दिले. ह्यूम यांनी तिच्यासाठी हेटेरोग्लॉक्स ही स्वतंत्र प्रजाती कल्पिली होती. पुढे तिचा समावेश अथेने प्रजातीत करण्यात आला. याविषयी मतभेद होते. तथापि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने ती अथेने प्रजातीतीलच असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर व्हॅलेंटाइन बॉल यांना सध्याच्या ओडिशातील खरियार भागात आणि जेम्स डेव्हिडसन यांना खानदेशात शहादा-तळोदे परिसरात हा पक्षी मिळाला. अशा रीतीने विविध संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे केवळ सात नमुने जमा झाले व १८८४ नंतर खऱ्या नोंदी थांबल्या.

बनावट नमुना : सात नमुन्यांपैकी एक नमुना कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन (१८७८–१९६७) या ब्रिटिश संग्राहकाच्या संग्रहात होता. तो १९१४ मध्ये गुजरातमध्ये तापी नदीवरील मांडवी येथे मिळाल्याची नोंद त्याच्या चिठ्ठीवर होती. तो खरा मानला गेल्यामुळे या पक्ष्याची अखेरची नोंद १९१४ ची व त्याचे स्थान मांडवी असे धरले जाऊ लागले. सालिम अली, डिलन रिप्ली व इतर पक्षिवैज्ञानिकांनी या पक्ष्याचा शोध घेतला. परंतु तो निष्फळ ठरला. त्यांपैकी काही शोध या चुकीच्या स्थळनोंदीवर विसंबून घेतले गेले होते.

पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी या नमुन्याची क्ष-किरणांच्या साहाय्याने व अन्य रीतींनी तपासणी केली. पक्ष्याचे कातडे सोलणे, त्यात कापूस भरणे व ते शिवणे यांची प्रत्येक संग्राहकाची विशिष्ट पद्धत असते. मांडवीच्या म्हणून दाखविलेल्या नमुन्यात डेव्हिडसन यांच्या पद्धतीच्या खुणा शिल्लक होत्या. त्यावरून तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच नमुना असून तो पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी लावण्यात आली होती, असे निष्पन्न झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणामतः मांडवीची नोंद रद्द होऊन शोधाचा रोख मूळच्या खऱ्या स्थळांकडे वळला.

पुनःशोध : नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी प्रथम पूर्वेकडील जुन्या स्थळांची पाहणी केली. तेथे पक्षी न आढळल्याने ते शहाद्यास आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या टेकड्यांवरील जंगलात निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. त्याची छायाचित्रे व चित्रफीतही घेण्यात आल्यामुळे ओळखीविषयी शंका उरली नाही. हे स्थळ त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते.

सवयी : पुनःशोधानंतर बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी तोरणमाळ व आसपासच्या वनांत या पक्ष्याचा पद्धतशीर अभ्यास केला. तोपर्यंत या पक्ष्याचा आवाज, आहार व घरटे यांविषयी फारशी माहिती नव्हती. बहुतेक घुबडांप्रमाणे तो निशाचर नसून प्रामुख्याने दिवसा वावरतो. सकाळी उंच, उघड्या फांदीवर तो ऊन खात बसतो. उत्तेजित झाला म्हणजे शेपटी झटक्याने हलवितो. तोरणमाळ येथील अभ्यासात त्याच्या भक्ष्यापैकी सु. ६०% सरडे, सापसुरळ्या यांसारखे सरपटणारे प्राणी असल्याचे दिसून आले. याशिवाय तो उंदीर, लहान पक्षी, बेडूक व कीटकही खातो.

विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मे असतो. घरटे झाडाच्या ढोलीत असते व मादी बहुधा दोन अंडी घालते. मादी ढोलीत असताना नर तिला व पिलांना भक्ष्य आणून देतो. नराने स्वतःचीच पिले खाल्ल्याच्या नोंदीही आहेत.

प्रसार : क्षेत्रीय पाहणीत ध्वनिमुद्रित साद वाजवून तिला येणाऱ्या प्रतिसादावरून या पक्ष्याचा माग काढतात. या पद्धतीने २००० पर्यंत केलेल्या पाहणीत १४ वनक्षेत्रांपैकी फक्त चार ठिकाणी मिळून २५ पक्षी आढळले. त्यानंतर अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, जळगाव जिल्ह्यातील यावल आणि मध्य प्रदेशातील खांडवा व बऱ्हाणपूर येथील वनांतून त्याच्या नोंदी झाल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात आढळला. सातपुड्यापासून दूर, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी मिळालेल्या या नोंदीमुळे त्याच्या प्रसाराविषयीची कल्पना बदलली. गुजरातच्या डांग भागातील पूर्णा अभयारण्यातही पुढे तो आढळला.

धोके व संरक्षण : साग व इतर पानझडी वृक्षांची विरळ वने हा याचा अधिवास होय. शेतीसाठी होणारी अतिक्रमणे, सरपणासाठी व इमारती लाकडासाठी होणारी तोड, वणवे आणि अनिर्बंध चराई यांमुळे ही वने आक्रसत आहेत. घरट्यासाठी लागणाऱ्या ढोल्या जुन्या, जाड वृक्षांतच तयार होतात. त्यामुळे वन टिकले पण जुने वृक्ष गेले, तरी पक्ष्याच्या प्रजननास बाधा येते. घुबड अशुभ आहे अशी समजूत व त्याच्या अवयवांना जादूटोण्यात असलेली मागणी यांचाही उपद्रव होतो.

भारतीय वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या पक्ष्याचा समावेश असल्यामुळे त्याची शिकार व व्यापार यांस बंदी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग-संधारण संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरविले होते. २०१८ मध्ये त्याची गणना संकटग्रस्त या वर्गात करण्यात आली. हा बदल मुख्यतः नव्या ठिकाणी पक्षी सापडल्यामुळे झाला. पक्ष्यांची संख्या वाढली, असा त्याचा अर्थ नाही. पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्यांची एकूण संख्या एक हजाराहून कमी असावी, असा अंदाज आहे.

त्याची अनेक स्थळे अभयारण्यांच्या हद्दीबाहेर, लाकूडतोडीच्या नियोजनाखालील वनांत आहेत. म्हणून केवळ अभयारण्ये घोषित करून त्याचे रक्षण होण्यासारखे नाही. अशा वनांत ढोलीचे वृक्ष राखून ठेवणे, वणव्यांवर नियंत्रण, स्थानिक आदिवासींचा सहभाग आणि ज्ञात स्थळांची नियमित पाहणी यांची गरज आहे. फुलझर व खरियार या ज्या भागांतून हा पक्षी प्रथम ज्ञात झाला, तेथील अलीकडच्या पाहणीत तो आढळलेला नाही.