माळवदाखालचे घर पुन्हा राहते करताना

श्रीरामपूर हे रेल्वेने वाढवलेले गाव. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला, पुढे प्रवरेचे कालवे व साखर कारखाने आले आणि स्थानकाभोवती बाजारपेठ उभी राहिली. त्यामुळे जुने घर पाहायचे तर प्रवराकाठच्या गावठाणांत जावे लागते. दगडी जोते, सागवानी खांब-तुळया, मधे चौक, भोवती ओसरी व माजघर, वर पांढऱ्या मातीचे माळवद अशी त्याची बांधणी असते.

या घराचा भार लाकडी सांगाड्यावर असतो. भिंती बहुधा आडोशापुरत्या. म्हणून घर बंद पडले की घात होतो तो वरून. पावसाळ्याआधी माळवदावरचे गवत काढणारे, पन्हाळी मोकळ्या करणारे कोणी उरत नाही. मुळांच्या वाटेने पाणी उतरते आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके कुजतात. शिवाय दर वर्षी नवी माती टाकल्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे ओझे छपरावर साचलेले असते. दुरुस्तीची सुरुवात रंगरंगोटीने नव्हे, तर टेकू लावून ही माती उतरवण्याने होते. मग खांबाचा कुजका बुडखा कापून नवा सागवानी तुकडा सांधतात, वाळवीचा बंदोबस्त करतात आणि तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडी किलचणीवर जलरोधक थर देऊन पातळ माती किंवा चुन्याचा कोबा घालतात. पत्रा स्वस्त पडतो, पण नगरच्या उन्हाळ्यात त्याखाली दुपार काढणे कठीण.

सर्वांत महाग पडणारी चूक सिमेंटची. मातीच्या भिंतीतला ओलावा बाहेर पडू शकला पाहिजे. सिमेंटचा गिलावा तो कोंडतो आणि काही वर्षांत भिंतीचा पापुद्रा घेऊनच सुटतो. भिजवून मुरवलेला, चुन्याच्या घाणीत मळलेला चुना येथे योग्य. त्यात गूळ, हिरडा घालण्याची जुनी रीत आहे.

आजच्या सोयींपैकी वीज सोपी: तारा लाकडाला खाचा न पाडता उघड्या नळीतून नेता येतात. साण्यावर, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या झरोक्यावर, कडा उचलून काच बसवली की माजघरात उजेड येतो. न्हाणीघर-शौचालय मात्र परसात, स्वतंत्र भिंतींचे व पायाचे असावे. काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हात आकसते; गळक्या नळाचे पाणी जोत्यालगत मुरले तर दगडही सरकतो.

चौंडीचा, म्हणजे अहिल्याबाई होळकरांच्या माहेरचा, वाडा जपला गेला तो स्मारक म्हणून. खासगी वाड्याला तसा आधार नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, अनेकदा आजोबांचेच नाव राहिलेले असते, वारस पुण्या-मुंबईत पांगलेले असतात आणि सगळ्यांच्या संमतीविना खर्चाला कोणी हात घालत नाही. सुताराआधी तलाठी आणि ग्रामसेवक गाठावे लागतात ते यामुळे.