पीटरसन क्रीकच्या काठी दोन फेऱ्या

बडोद्याच्या माणसाला कुठल्याही नदीकाठी पहिला प्रश्न एकच पडतो: मगरी आहेत का? बाबांनी गाडीतून उतरल्या उतरल्या तोच विचारला.

"इथे नाहीत हो आजोबा, त्या खाली समुद्राकडे," माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने त्यांना धीर दिला. ताई केर्न्सला राहते, आणि तिथे पाण्याजवळ जागोजागी मगरींच्या धोक्याचे पिवळे फलक आहेत. आम्ही मात्र गिलीज घाटाची न संपणारी वळणं चढून ॲथर्टनच्या पठारावर, युंगाबुरा नावाच्या छोट्याशा गावात आलो होतो. उंची साधारण साडेसातशे मीटर. जुलै महिना, नुकतं उजाडत होतं, आणि उष्ण कटिबंधात असूनही स्वेटर कमी पडावा अशी थंडी.

गावाला लागून पीटरसन क्रीक वाहते. क्रीक म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातली खाडी नव्हे. तिथे साध्या ओढ्यालाही क्रीक म्हणतात. काठावर लाकडी आडोसा केलेला आहे, त्याच्या फटींतून पाण्याकडे बघत बसायचं. अट एकच, बोलायचं नाही. प्लॅटिपसला जराशी चाहूल लागली तरी तो दिसेनासा होतो. आमच्या घरात पाच मिनिटं कुणी गप्प बसल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे मी आशा सोडूनच बसले होते. बाबांनी दोनदा घसा साफ केला, भाचीने दोनदा डोळे वटारले.

मग पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ उमटली आणि तिच्या टोकाशी तो वर आला. मला वाटलं होतं कुत्र्याएवढा तरी असेल. हा तर मांजरापेक्षाही लहान. दहाएक सेकंद तरंगत त्याने काहीतरी चावलं आणि पाठ वाकवून पुन्हा बुडी मारली. पाण्याखाली तो डोळे, कान, नाकपुड्या सगळं मिटून घेतो. चिखलातल्या किड्यांच्या स्नायूंतून निघणारी अतिशय क्षीण वीज त्याच्या चोचीला जाणवते, तेवढ्यावर त्याची शिकार चालते. सापडलेलं गालात साठवायचं आणि वर येऊन चावायचं. अंडी घालतो, पिलांना दूध पाजतो, नराच्या मागच्या पायाला विषारी नखी. १७९९ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन लिहिलं, तेव्हा कुणीतरी बदकाची चोच शिवून फसवतंय की काय, अशी शंका त्यालाही आली होती. बाबांनी तो चार वेळा पाहिला आणि एकदाही बोलले नाहीत.

नंतर आम्ही काठाकाठाने चालत निघालो. एका झाडीत ब्रश टर्की पालापाचोळा मागे उडवत होता. हा काळा, लाल डोक्याचा पक्षी अंडी उबवत बसत नाही. नर पाल्याचा भलामोठा ढीग रचतो, मादी त्यात अंडी घालते आणि कुजणाऱ्या पाल्याची ऊब त्यांना पुरते. नर चोच खुपसून उष्णता बघतो. वाढली तर पाला काढतो, घटली तर घालतो. ताई म्हणाली, "बागवाल्यांचा जीव खातो हा!" तिची नवी रोपं त्याने दोनदा उकरली आहेत.

पुढे एक बाई गुडघ्यांवर बसून तण उपटत होत्या. बाबांनी त्यांना सांगितलं, एवढं जुनं जंगल गावाजवळ टिकलंय, नशीबवान आहात. त्या हसल्या. म्हणाल्या, "जुनं कुठलं? हे आम्ही लावलंय."

मी मान वर करून पुन्हा पाहिलं. दाट सावली, लोंबत्या वेली, पायाखाली मऊ पाला. यातली बरीच झाडं माझ्यापेक्षा वयाने लहान होती! दुधाच्या गायींसाठी आणि मक्यासाठी या पठारावरचं जंगल शंभरेक वर्षांपूर्वी साफ केलं गेलं. ओढ्याच्या कडेला उरलं ते गवत. १९८२ मध्ये इथल्या लोकांनी 'ट्रीट' नावाची संस्था काढली. लेक ईचमच्या रोपवाटिकेत सरकारी उद्यान खात्याबरोबर बिया गोळा करायच्या, रोपं वाढवायची, पावसाळ्यात लावायची. क्रीकच्या काठाने तसा हिरवा पट्टा झाला तो झाडांवर राहणाऱ्या कांगारूंसाठी.

हो, झाडावरचे कांगारू! इथल्या आदिवासी भाषेत 'माबी'. जंगलाचे तुकडे झाले की ते एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला जमिनीवर उतरतात आणि मोटारींखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी सापडतात. सलग झाडी मिळाली तर वरच्या वर जाता येतं.

"दिसतात?" मी विचारलं.

"संध्याकाळी या. शेपटी शोधा, कांगारू नको."

दुपारी गावाजवळचा प्रसिद्ध 'कर्टन फिग' पाहिला. वडाच्या कुळातलं झाड, पडद्यासारख्या लोंबणाऱ्या मुळांचं. पण जीव संध्याकाळकडेच लागला होता. शेवटी भाचीनेच शोधलं. फांद्यांत एक लांब, जाड दोर सरळ लोंबत होता, आणि वर काळ्या तोंडाचा, अंग चोरून बसलेला प्राणी पानं खात होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि खाणं चालू ठेवलं. ते झाडही लावलेलंच होतं.

बडोद्याला परतल्यावर बाबा आणि मी काळाघोड्याच्या पुलावर थांबलो. नेहमीप्रमाणे लोक कठड्यावरून विश्वामित्रीतली मगर शोधत होते. बाबा मात्र काठांकडे बघत होते. म्हणाले, "इथे पूर्वी कुठली झाडं होती गं?"

मला सांगता आलं नाही. आपल्यापैकी कुणाच्या आजी-आजोबांना आठवत असेल, किंवा घरच्या जुन्या आल्बममध्ये नदीकाठचा एखादा फोटो असेल, तर जरूर कळवा. बाबांनी वही घातली आहे. तिच्यात अजून दोनच नावं आहेत, आणि त्यातलं एक आम्हाला नक्की ओळखता आलेलं नाही.