राहून गेलेला 40 मार्कांचा पेपर

दहावीची परीक्षा तोंडावर आली की आमच्या वस्तीत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असते, दुसऱ्या कोपऱ्यात मुलगी पुस्तक उघडून बसलेली असते आणि टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून तिची कुरकुर चालू असते. ज्यांच्या घरी एवढीही जागा नाही, ती मुले संध्याकाळी सातनंतर विहाराशेजारच्या अभ्यासिकेत येतात. दिवसा कचेरीतल्या फायली आणि संध्याकाळी ही मुले, असा माझा बऱ्याच वर्षांचा क्रम आहे. मी बी. कॉम. झालेला कारकून, शिक्षक नव्हे. गणित आणि जमेल तसा भूगोल, एवढीच माझी मजल.

परीक्षेच्या आधीच्या एका रविवारी आम्ही अभ्यासिकेत एक वेगळा कार्यक्रम घेतला. 2020 साली दहावीला असलेल्या आमच्या मुला-मुलींना बोलावले. त्यांनी नव्या मुलांची भूगोलाची उजळणी घ्यावी आणि आपल्या दहावीच्या आठवणी सांगाव्यात, असा बेत होता. भूगोलच का, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या दहावीच्या मुलांनी भूगोलाचा पेपर दिलाच नाही. 17 लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली, पण त्यांचा हा एक पेपर कायमचा राहून गेला.

त्या वर्षी काय झाले?

परीक्षा 3 मार्च 2020 रोजी सुरू झाली होती. दहावीच्या वेळापत्रकात भूगोलाचा पेपर बहुधा अगदी शेवटी येतो. त्या वर्षी तो सोमवारी, 23 मार्चला होता. शनिवारी, 21 मार्चला इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर झाला, आणि त्याच दिवशी कोरोनाच्या साथीमुळे सोमवारचा पेपर पुढे ढकलल्याची बातमी आली. रविवारी जनता कर्फ्यू होता. पाठोपाठ सगळेच बंद झाले. पेपर आज होईल, उद्या होईल म्हणून मुले तीन आठवडे वाट पाहत बसली. शेवटी 12 एप्रिलला शासनाने पेपर रद्द केला. इतर विषयांच्या मार्कांची सरासरी काढून भूगोलाचे मार्क देण्यात आले. 29 जुलैला निकाल लागला. राज्याचा निकाल 95.30 टक्के होता. पुढच्या वर्षी, 2021 मध्ये, तर दहावीची लेखी परीक्षाच झाली नाही.

आमच्या रविवारच्या बैठकीत ही मुले आता वीस-बाविशीची होऊन आली होती. कोणी पदवीच्या शेवटच्या वर्गात, कोणी यंत्रमाग कारखान्यात, कोणी मार्केट यार्डात. एकजण रात्रपाळी करून तसाच आला होता, डोळे लाल. पहिल्यांदा सगळी लाजली. मग महिला मंडळाच्या बायांनी पोहे आणि चहा दिला आणि तोंडे उघडली.

एक मुलगा म्हणाला, "शनिवारी पेपर सुटला तेव्हा आम्ही शाई उडवली नाही. म्हटलं सोमवारी शेवटचा पेपर झाला की उडवू. ती शाई राहिलीच."

दुसऱ्याने सांगितले की, बंदच्या दिवसांत त्याच्या घरासमोरून हैदराबाद रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन माणसे चालत जायची. त्याची आजी माठ भरून दाराशी ठेवायची. "पुस्तकात स्थलांतर हा शब्द पाठ केला होता. ते कसं असतं, हे तेव्हा कळलं."

एका मुलीची आठवण निघाली. ती आली नव्हती. वर्गात हुशार होती. अकरावीचे तास मोबाईलवर सुरू झाले, घरात मोबाईल एकच, आणि तो वडील कामाला घेऊन जायचे. तिचे शिक्षण तिथेच थांबले. तिचे नाव निघाल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही.

"माझा स्वतःचा आकडा नाही"

नंतर जी मुलगी बोलली, तिच्यासाठीच मी हा लेख लिहितो आहे. तिची आई विडी कामगार, वडील हमाली करायचे. इंग्रजी आणि गणितात ती बेताचीच होती, पण भूगोल तिचा खास विषय. ब्राझीलचा नकाशा ती पाठ्यपुस्तक न उघडता काढायची. पेपर पुढे गेला तरी तीन आठवडे ती रोज एक नकाशा काढत होती.

ती म्हणाली, "काका, पेपर रद्द झाला त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, बरं झालं बाई, एक ओझं कमी झालं."

मला ते आठवतही नव्हते. पण मी तसे म्हणालो असेन यात शंका नाही, कारण त्या दिवसांत मला खरोखरच तसे वाटत होते.

ती पुढे म्हणाली, "मला ते ओझं नव्हतं. तो एकच पेपर होता ज्याची मला भीती नव्हती. सरासरीत माझा भूगोल माझ्या इंग्रजी-गणिताच्या रांगेत जाऊन बसला. मार्क गेले त्याचं आता काही नाही. पण भूगोलात किती पडले असं कोणी विचारलं, तर सांगायला माझा स्वतःचा आकडा नाही."

वाचकहो, त्या वेळी सरकारपुढे दुसरा मार्ग नव्हता हे मान्य आहे. जिवापेक्षा पेपर मोठा नाही. सरासरीने कित्येकांचा फायदाही झाला. पण ज्याला साऱ्या विषयांत सारखी शिकवणी मिळाली, त्याची सरासरी वेगळी आणि ज्याने स्वतःच्या कष्टाने एखादाच विषय वर आणला, त्याची सरासरी वेगळी. आपल्या बहुतेक मुलांचे असेच असते. इंग्रजी-गणिताला शिकवणीचे पैसे लागतात. भूगोलाला डोळे लागतात आणि ते आपल्या मुलांना आहेत. ही गोष्ट मला त्या मुलीकडून शिकावी लागली. मी सर्वांसमोर तिची माफी मागितली.

आईच्या सुपातला भूगोल

मग उजळणी सुरू झाली. ती त्याच मुलीने घेतली. नव्या मुलांना तिने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या आईच्या सुपात काय असतं?" पोरे हसली. तिने फळ्यावर लिहायला घेतले.

सुपातले तेंदूचे पान पानझडी वनांतून येते: विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा. म्हणजे नैसर्गिक वनस्पतींचा धडा झाला. तंबाखू निपाणीसारख्या भागातून येते. म्हणजे शेती आली. विडी वळणे हा द्वितीयक व्यवसाय, कारण कच्च्या मालाचा पक्का माल होतो. ती विडी ट्रकने परगावी जाते आणि दुकानात विकली जाते, तो तृतीयक व्यवसाय. "अर्थव्यवस्था व व्यवसाय हा धडा आई रोज मांडीवर घेऊन बसते," असे ती म्हणाली, तेव्हा दाराशी बसलेल्या आयाबाया एकमेकींकडे बघू लागल्या.

2018 पासूनचे दहावीचे भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करते. पुष्कळ मुले ब्राझीलला घाबरतात. पण पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचा आहे आणि ती सहल आपल्या शेजारच्या नळदुर्गहून अलिबागला जाते. मार्केट यार्डातून कांद्याच्या ट्रकवर जाणारा आमचा माजी विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "हा रस्ता मला सांगू द्या." नळदुर्ग, सोलापूर, भिगवणजवळ उजनीचे पाणी, पुणे, खंडाळ्याचा घाट आणि खाली कोकण. माती कुठे काळी, कुठे तांबडी, ऊस कुठे दिसतो, भात कुठे सुरू होतो, हे त्याने धडाधड सांगितले. शाळेत हाच मुलगा भूगोलात जेमतेम काठावर असायचा.

सोलापूर समजले की ब्राझील समजते

त्या दिवशी फळ्यावर झालेली उजळणी इतर गावच्या मुलांनाही उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो.

पर्जन्यछाया: अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पश्चिमेकडे पाऊस पाडतात. कोकणात वर्षाला 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडून खाली उतरणारे वारे कोरडे होत जातात, म्हणून सोलापूरला जेमतेम 550 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात. आता ब्राझीलकडे पाहा. तिथे अटलांटिक महासागरावरून येणारे वारे किनाऱ्यालगतच्या उंच कड्याला अडतात. किनाऱ्यावर पाऊस पडतो आणि मागचा ईशान्येकडचा प्रदेश कोरडा राहतो. त्यालाच अवर्षण चतुष्कोन म्हणतात. ज्याला आपला दुष्काळ कळला, त्याला तो चतुष्कोन पाठ करावा लागत नाही.

काळी माती: आपली जमीन लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाची. त्याची झीज होऊन काळी माती झाली. ती ओल धरून ठेवते. म्हणून पावसाळा सरल्यावरही मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी त्या ओलीवर येते. 'भौगोलिक कारणे द्या' या प्रश्नाचे उत्तर असेच लिहावे: आधी काय आहे, मग ते का झाले, शेवटी त्याचा परिणाम.

नदी: भीमा पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावते, पण समुद्र जवळ असूनही पूर्वेला वाहते, कारण पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. ती कृष्णेला मिळते आणि पाणी बंगालच्या उपसागराला जाते.

प्रमाणवेळ: भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्तावरची. सोलापूर सुमारे 76 अंश पूर्वेला. एका अंशाला 4 मिनिटे, म्हणजे आपली स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे 26 मिनिटे मागे. हे गणित घरच्या घड्याळावर केले तर विसरत नाही.

उद्योगांचे स्थान: सोलापुरात गिरण्या का आल्या? आसपास कापूस, 1860 मध्ये आलेली रेल्वे आणि विणकामात मुरलेले हात. गिरण्यांचे भोंगे आता बंद पडले, पण सोलापुरी चादरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

नकाशा: रोज एक कोरा नकाशा भरावा. सूची विसरू नये. आलेखाला प्रमाण आणि शीर्षक लिहावे. ब्राझीलच्या नकाशात आधी विषुववृत्त आणि मकरवृत्त ओळखावे, मग ॲमेझॉन, मग राजधानी ब्राझीलिया.

सगळ्यांचा पेपर

शेवटी सराव म्हणून नव्या मुलांचा 40 मार्कांचा, दोन तासांचा पेपर ठेवला होता. पेपर वाटू लागलो तेव्हा जुनी मुलेही सतरंजीवर ओळीने बसली. "आमचाही राहिलाय की, काका," असे म्हणून त्यांनी हात पुढे केले. झेरॉक्स कमी पडल्या, तेव्हा दोघांत एक पेपर दिला. रात्रपाळीवाला अर्ध्या तासात भिंतीला टेकून झोपी गेला. त्याला कोणी उठवले नाही.

ट्रकवाल्याला 17 मार्क पडले. त्या मुलीला 33. आलेखाचे प्रमाण लिहायला ती विसरली होती, मी मार्क कापले. तिने पेपर हातात घेऊन दोनदा पाहिला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. बोर्डाच्या दप्तरी या आकड्याला काही किंमत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

समाजबांधवांनो, बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना 1924 मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी, 1925 मध्ये, बाबासाहेबांनी याच सोलापुरात माध्यमिक शाळेच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलाला बसून अभ्यास करायला जागा मिळाली पाहिजे, ही गरज त्यांनी तेव्हाच ओळखली होती. आज शंभर वर्षांनंतरही आपल्या किती घरांत ती जागा आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा.

जिथे विहार आहे, समाजमंदिर आहे, तिथे परीक्षेपुरते तरी चार दिवे, एक फळा आणि भारत-ब्राझीलचे दोन नकाशे लावावेत. गतवर्षीच्या मुलांना नव्या मुलांची उजळणी घ्यायला बोलवावे. त्याला पैसा लागत नाही. मातांनी आपले काम मुलांना समजावून सांगावे, पान कुठून आले, माल कुठे गेला. वडिलांनी आपण कोणत्या रस्त्याने कुठवर गेलो ते सांगावे. शाळेत कमी शिकलेल्या आई-बापांनाही हा विषय शिकवता येतो.

आणि आपल्या मुलाला जो विषय मनापासून आवडतो, त्याला ओझे म्हणू नये. ती चूक माझ्याकडून झाली आहे. ती न आलेली मुलगी सध्या कुठे आहे, याची चौकशी आता आम्ही सुरू केली आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येते, हे तिला सांगायचे आहे.